परीक्षकाच्या घरचा मासा

“सर, जरा दोरीच्या बाहेर थांबता का?” गळ्यात ओळखपत्र घातलेली बाई म्हणाली. आवाज मऊ होता, पण हात तिने आडवा धरला होता. “परीक्षण सुरू झालंय. आत फक्त परीक्षक.”

चष्मेवाल्यांनी उचललेली दोरी सोडली आणि ते एक पाऊल मागे आले. गेली चौदा वर्षं याच वेळेला ते ही दोरी उचलून आत जात आणि बाकीचे बाहेर माना उंचावत उभे राहत. आज हात सवयीने गेला. मागचे दोघं-तिघं हसले. हसण्यात वाकडं काही नव्हतं, तरी त्यांचे कान तापले.

“सवय हो, दुसरं काय,” त्यांची बायको त्या बाईला म्हणाली. “घरी मी चहा टाकला तरी आधी रंग तपासतात.”

ती आज खुशीत होती. अंगावर ठेवणीतले कपडे आणि पायात रबरी चपला, कारण हॉलची फरशी पहाटेपासून ओली होती. एरवी तिथे बॅडमिंटन चालायचं. आज खुणांच्या पांढऱ्या रेघांवर गुडघ्याएवढ्या उंच निळ्या गोल टाक्या मांडल्या होत्या. प्रत्येक टाकीत हवेची नळी, आणि सगळ्या पंपांची मिळून एकच घरघर. तिसऱ्या रांगेतल्या सातव्या टाकीत त्यांची धाकटी होती. टाकीवरच्या कागदात मालकाच्या रकान्यात तिचं, म्हणजे बायकोचं नाव होतं. सकाळपासून तिने तो कागद चार वेळा सरळ केला होता. तो मुळात वाकडा नव्हताच.

चष्मेवाले चष्मे विकत नव्हते. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती, तिथे ते काचा घासायचे. चौतीस वर्षं. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, आणि मागे हे फिरत्या दगडावर पाणी सोडून काचेची कड उतरवायचे. गिऱ्हाइकाला नवं जग दिसायचं ते यांच्या हातामुळे, पण यांचं तोंड एकाही गिऱ्हाइकाने बघितलेलं नव्हतं. दुकानातला नवा पोऱ्यासुद्धा त्यांना ‘मागचे काका’ म्हणायचा.

‘सर’ ते फक्त इथे होते. कोई या शोभेच्या माशांच्या वार्षिक प्रदर्शनात.

छंद सुरुवातीला दोघांचा होता. घरामागच्या मोकळ्या जागेत दोघांनी मिळून तळं खणलं, जुन्या पिंपांमध्ये जाळ्या भरून पाणी गाळायची सोय केली. मग चष्मेवाल्यांनी परीक्षकाचा अभ्यासक्रम केला. तीन वर्षं, दोन लेखी परीक्षा, वरिष्ठांच्या मागे वही घेऊन फिरणं. पास झाले तेव्हा संघाने खिशावर बिल्ला शिवलेला निळा कोट दिला. कोट खांद्यात सैल होता, तो बायकोने रात्रीतून उसवून बरोबर बसवून दिला. ती हॉस्पिटलच्या कपडेखान्यात होती. फाटलेल्या चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे शिवणं आणि कामातून गेलेले बाजूला काढणं हे तिचं काम. कोट काय, तिच्या डाव्या हातचा मळ.

त्या कोटाबरोबर एक नियम आला. ज्या प्रदर्शनात परीक्षण करायचं, तिथे स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचाही मासा ठेवायचा नाही. नियम योग्यच होता. अडचण एवढीच, की जवळपास प्रदर्शन हे एकच. दुसरं गाठायचं तर दीड दिवसाचा प्रवास, आणि तेवढा वेळ मोठा मासा पिशवीत राहत नाही. म्हणजे दरवर्षी एकच काहीतरी होणार होतं. एक तर यांचा कोट, नाहीतर तिचा मासा.

पहिली काही वर्षं याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण तळ्यात दाखवण्यासारखं काही नव्हतंच. आठ वर्षांपूर्वी दोघं बोटभर लांबीची पिल्लं आणायला गेले. टोपात दोन-अडीचशे वळवळत होती. चष्मेवाल्यांनी अभ्यास पणाला लावून एक निवडलं. बायकोने भलतंच उचललं.

“याचा पांढरा पिवळट आहे,” ते म्हणाले. “मोठेपणी काही व्हायचं नाही याचं.”

“नाही झालं तर नाही. मला आवडलंय.”

त्यांनी निवडलेलं पिल्लू दोन वर्षांत राखाडी पडलं. तिच्या पिल्लाचा पिवळेपणा धुतल्यासारखा गेला, आणि दुधी पांढऱ्या अंगावर तीन लाल डाग उमटले. खांद्यावर एक, मधे एक, शेपटीच्या अलीकडे एक. कडा कात्रीने कापल्यासारख्या. बायको हा विषय वर्षातून दोनदाच काढायची, एवढा तिचा मोठेपणा. मुलगी लग्न होऊन दूर गेल्यावर तिने माशाला धाकटी म्हणायला सुरुवात केली. पाणी बदलणं, पिंपातल्या जाळ्या धुणं, पाण्याची उष्णता वहीत लिहून ठेवणं, हिवाळ्यात खाणं कमी आणि उन्हाळ्यात जास्त, सगळं तीच करायची. चष्मेवाले संध्याकाळी येऊन काठावर उभे राहायचे आणि बघायचे. बघणं हे त्यांचं काम होतं.

धाकटी पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांना कळलं, की हा मासा पहिला येण्यासारखा आहे. तेव्हाच संघाचं पत्र आलं.

“यंदा नाही म्हणून कळवा ना,” बायको म्हणाली. “एकदा मी ठेवते तिला.”

“अगं, पहिल्यांदा प्रमुख परीक्षक केलंय. नेमकं याच वर्षी कसं नाही म्हणू? पुढच्या वर्षी.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे नक्की.”

त्या वर्षी टाइल्सवाल्यांचा मासा पहिला आला. टाइल्सवाले संघाचे अध्यक्ष. मोठा व्यापार, मोठं तळं, तळ्याला काचेचं छप्पर. निकाल चष्मेवाल्यांनी स्वतः माईकवरून सांगितला आणि समोर बसलेल्या बायकोने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी येताना ती म्हणाली, “त्यांच्या माशाचा शेपटीकडचा लाल एका अंगाला गेलाय.”

“दिसला मला.”

“आपल्या धाकटीचा नाही गेला.”

“नाही.”

पुढच्या वर्षी, जिथून हे मासे जगभर गेले त्या देशातले एक म्हातारे परीक्षक येणार होते. त्यांच्या शेजारी उभं राहून परीक्षण करायची संधी जन्मात एकदा यायची. बायकोने वाद घातला नाही. फक्त एवढंच सुचवलं, की मासा माझ्या बहिणीच्या नावावर ठेवला तर?

चष्मेवाले भडकले. असल्या चोरवाटेने आलेला एक मासा त्यांनी स्वतः बाद केला होता. ते तत्त्वाचे पक्के होते, आणि आपण पक्के आहोत हे त्यांना माहीतही होतं. तिथवर ठीक. पण त्या वर्षीच्या सभेत बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, “हा मोह माझ्या घरातसुद्धा झाला. मी घरच्यांना स्पष्ट नाही म्हणून सांगितलं.” सभेने टाळ्या वाजवल्या. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारचीने तिच्याकडे वळून बघितलं. तिने पर्समधून रुमाल काढला, उगाच झटकला आणि परत ठेवला.

ते म्हातारे परीक्षक दुसऱ्या दिवशी घरी चहाला आले. तळ्याकाठी बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मग बरोबरच्या दुभाष्याकरवी त्यांनी विचारलं, की हा मासा कोण सांभाळतं? चष्मेवाले म्हणाले, “आम्ही.” बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात पोहोचली होती.

गेल्या वर्षी दोन परीक्षक ऐनवेळी गळले आणि संघाने यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “माझ्याशिवाय प्रदर्शन होणार नाही म्हणतात,” ते घरी म्हणाले. त्या वर्षी बायकोने काही विचारलंच नाही.

आणि यंदा, हिवाळा सरता सरता, एका रविवारी चष्मेवाले काठावर उभे असताना धाकटी वळली. ऊन तिच्या डाव्या खांद्यावर पडलं आणि त्यांना ते दिसलं. लाल डागात, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागी रंग पातळ झाला होता. खालचा पांढरा वर येऊ बघत होता. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण एकदा ते सुरू झालं की थांबत नाही, हे त्यांनी इतरांना कितीतरी वेळा सांगितलं होतं.

ते बायकोला काही बोलले नाहीत. तळ्यावर सावलीची जाळी बांधली. “ऊन वाढलंय,” म्हणाले. संघाचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी नकार लिहून टाकला आणि संध्याकाळी चहा घेताना सांगितलं, “यंदा मी नाही म्हटलंय. तू ठेव धाकटीला. तुझ्या नावावर.”

बायकोने कप खाली ठेवला. “खरंच?”

“खरंच.”

“कुणी बोललं का तुम्हाला काही?”

“कोण बोलणार? मलाच वाटलं.”

ती त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं. त्या रात्री तिने मुलीला फोन करून सांगितलं, “तुझ्या बाबांनी माझ्यासाठी परीक्षण सोडलं.” आतल्या खोलीतून त्यांनी ते ऐकलं. उठून जाऊन खरं सांगायचं तर तीच वेळ होती. त्यांनी कूस बदलली.

आता ते दोरीबाहेर उभे होते आणि तीन परीक्षक तिसऱ्या रांगेत शिरत होते. पुढे होता दातांचा डॉक्टर. पस्तिशीचा, हुशार, मोजकं बोलणारा. त्याला यांनीच परीक्षकांच्या वर्गात तयार केलं होतं. सहाव्या टाकीवरून तिघं सातव्या टाकीशी आले. डॉक्टर वाकला, मान थोडी डावीकडे कलती केली, म्हणजे वरच्या दिव्याचा उजेड माशाच्या खांद्यावरून सरकावा. ही मान कलती करायची युक्तीसुद्धा यांचीच. मग तो सरळ झाला, वहीत काहीतरी लिहिलं आणि तिघं पुढे गेले. चष्मेवाल्यांनी मनात आकडे मोजले होते. नऊ. ज्या माशाचा विचार चालतो तिथे परीक्षक अर्धा मिनिट तरी थांबतात.

“झालं?” बायकोने विचारलं. “एवढ्यात?”

“अजून एक फेरी होते,” ते म्हणाले.

दुसरी फेरी झाली. ती ज्या टाक्यांपाशी झाली त्यांत सातवी टाकी नव्हती.

दुपारी कपडेखान्यातल्या दोघी आल्या. एकीने फुलं आणली होती. बायकोने त्यांना टाकीपाशी नेलं तेव्हा कागदावर चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या आकाराच्या गटात तिसरी. गटात मासे होते पाच.

“तिसरी म्हणजे चांगलीच की,” फुलंवाली म्हणाली. “एवढ्या सगळ्यांत.”

“हो ना,” बायको म्हणाली. तिने फुलं घेतली, फोटोला उभी राहिली, हसली. त्या दोघींना तिने चहा पाजला, दारापर्यंत सोडून आली. चष्मेवाले दूरवर पंपाच्या वायरी बघत असल्यासारखे उभे होते.

सगळ्यांत मोठं पारितोषिक पुन्हा टाइल्सवाल्यांनाच मिळालं. ते मुद्दाम हात मिळवायला आले. “वहिनी, खरं सांगतो, सर स्वतः उतरलेत म्हटल्यावर आमची झोप उडाली होती. म्हटलं, यंदा आपलं काही खरं नाही.” मग चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “सांगणं सोपं असतं, सर. ठेवून बघितलं की कळतं.”

चष्मेवाले हसले. असं हसताना दात दिसतात, एवढंच.

निकालानंतर परीक्षक तासभर टाक्यांपाशी थांबतात. ज्याला आपला मासा का मागे पडला हे विचारायचं त्याने विचारावं, अशी पद्धत. बायको सरळ डॉक्टरकडे गेली. चष्मेवाले “अगं, राहू दे” म्हणेपर्यंत ती पोहोचलीसुद्धा. ते मागोमाग गेले आणि चार हात अंतरावर थांबले.

“डॉक्टर, मला जरा सांगा ना. सातव्या टाकीचं.”

डॉक्टरने आधी सरांकडे बघितलं. सर फरशीकडे बघत होते.

“काकू, मासा सुंदर आहे. बांधा तर आख्ख्या हॉलमध्ये असा नाही. पण डाव्या खांद्यावरचा लाल पातळ झालाय. इथे, बघा. मान अशी केलीत की दिसेल.”

बायकोने मान तशी केली नाही. “हे कधीपासूनचं असेल?”

“चार-पाच महिने तरी. हिवाळ्यातच सुरू झालं असणार.” डॉक्टर जरा थांबला. सरांच्या बायकोशी बोलतोय, तर काही चांगलंही सांगावं, असं त्याला वाटलं असावं. “काकू, दोन वर्षांपूर्वी ही ठेवली असती ना, तर बाकी कुणी यायचं कारण नव्हतं. सरांनी आमच्या वर्गात हिचा फोटो दाखवला होता. लाल कसा असावा, याचा नमुना म्हणून. अजून माझ्याकडे आहे तो.”

“वर्गात दाखवला होता?”

“हो. दर वर्षी दाखवतात. यंदाच तेवढा नाही दाखवला.” हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. तो वही मिटून उगाच टाकीचा पंप बघायला लागला.

“बरं,” बायको म्हणाली. “वेळ दिलात, बरं वाटलं.”

धाकटीला पिशवीत घेताना दोघांचे चार हात लागतातच. एकाने तोंड धरायचं, दुसऱ्याने मासा खालून तोलून आत सरकवायचा. ते काम दोघांनी न बोलता, बिनचूक केलं. पिशवी खोक्यात, खोकं गाडीच्या मागच्या सीटवर. गाडी चष्मेवाले चालवत होते. ऊन अजून बरंच होतं. दुसऱ्या सिग्नलला ती बोलली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“हिवाळा संपताना. एका रविवारी.”

“म्हणजे पत्राच्या आधी.”

“हो.” सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी गाडी हलवली. “मला वाटलं, अजून एक वर्ष टिकेल. नखाएवढंच होतं. मला वाटलं, निदान यंदा तरी… तुला आधी सांगितलं असतं तर तू ठेवलीच नसतीस.”

ती खिडकीबाहेर बघत होती.

“मलाही माहीत होतं,” ती म्हणाली.

त्यांनी मान वळवली.

“समोर बघा. सव्वीस वर्षं चादरी उजेडाला धरून बघितल्यात मी. कुठे विरलंय ते मला बोटाला कळतं. तुमच्या आधी पंधरा दिवस दिसलं होतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशाला बोलू? मला वाटलं, तुम्हाला दिसलं नाहीये. दरवर्षी एवढे मासे बघणाऱ्याला आपल्या घरचा दिसत नाही, होतं असं. आणि मग तुम्ही आपण होऊन नाही म्हणालात.” ती थांबली. आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. “मी म्हटलं, यांना वाटतंय धाकटी अजून पहिली येईल, अजून सगळं नीट आहे, आणि तरी यांनी कोट काढून ठेवला. माझ्यासाठी. मासा हरणार हे मला माहीत होतं हो. मी त्यासाठी नव्हते आले. मी म्हटलं, एवढं केलंय यांनी, तर आपण जायचं. चांगले कपडे घालून जायचं. बायकांनाही बोलावलं मी.”

चष्मेवाल्यांचे हात स्टिअरिंगवर होते. काचेला एका बाजूने जास्त घासलं की ती पुन्हा भरून काढता येत नाही, दुसरी काच घ्यावी लागते. “मी तेव्हाच तुला…” ते म्हणाले.

“जेव्हा ती जिंकली असती तेव्हा तुम्हाला कोट सोडवला नाही,” ती म्हणाली. “कामातून गेल्यावर दिलीत मला. आमच्याकडे अशा चादरी आम्ही पुसायला देतो.”

मागे खोक्यात धाकटी अधूनमधून शेपूट मारायची, तेवढाच आवाज.

घरी आल्यावर तिने कपडे बदलले नाहीत. पिशवी तशीच तळ्यात तरंगत सोडली. पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी सारखं होईपर्यंत वीस मिनिटं थांबावं लागतं. ती काठावर बसली. चष्मेवाले स्टूल घेऊन आले, ते तिने घेतलं नाही. चष्मेवालेही त्याच्यावर बसले नाहीत. स्टूल मधेच राहिलं.

वीस मिनिटं झाली. तिने गाठ सोडली, पिशवीचं तोंड पाण्याखाली दाबलं. धाकटी क्षणभर आतच थांबली, मग एका हेलकाव्यात बाहेर पडली आणि तळाशी जाऊन हळूहळू वर आली. कागद नाही, चिठ्ठी नाही. पाण्यात पांढरी आणि लाल.

बायको उभी राहिली. “आता सांगा.”

“काय सांगू?”

“ज्यांचे मासे मागे पडतात त्यांना तुम्ही समजावून सांगता. चौदा वर्षं लांबून बघितलंय मी. वाकून, बोट दाखवून, एकेकाला दहा-दहा मिनिटं देता. दुसरीकडून आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. मला कधी सांगितलं नाहीत. मला सांगा.”

“अगं, घरात काय असं…”

“माशाची मालकीण म्हणून विचारतेय.”

ते काठाशी आले. धाकटी फिरत फिरत समोरून गेली. त्यांनी घसा साफ केला.

“बांधा उत्तम आहे,” ते म्हणाले. “खांद्यापासून शेपटीपर्यंत कुठे खोट नाही. पांढरा स्वच्छ, एकसारखा. हे सगळं सांभाळण्याचं श्रेय आहे. दोन वर्षांपूर्वी ही—”

“आधीचं नको. आज समोर आहे तेवढं सांगा.”

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने ओले हात कपड्यांपासून लांब धरले होते आणि ती लक्ष देऊन ऐकत होती, हॉलमध्ये लोक ऐकतात तशी. त्यांनी पुन्हा पाण्याकडे बघितलं. आवाज हळूहळू तो झाला, टाकीपाशी लागायचा तो. शांत, सरळ, कुणाचं मन न राखणारा.

“डाव्या खांद्यावरचा लाल पातळ झालाय. खालचा पांढरा दिसतो. तो भरून येणार नाही. पुढच्या वर्षापर्यंत मधल्या डागाची कडही सुटायला लागेल. शेपटीकडचा डाग अजून दोन-तीन वर्षं राहील. नंतर तोही जाईल.”

“आज तुम्ही परीक्षक असतात तर कितवी धरली असती?”

पंपाचं पाणी पिंपातून तळ्यात पडत होतं.

“पहिल्या तिघांत धरली नसती,” ते म्हणाले. “डॉक्टरने भीड ठेवली.”

तिने मान हलवली. जे विचारलं त्याचं उत्तर मिळालं, अशी.

“आभारी आहे, सर,” ती म्हणाली.

मग ती वाकली, रिकामी पिशवी उलटी करून तिने आतलं पाणी झटकलं, आणि दोन चिमटे लावून ती तारेवर वाळत घातली.